गिरजाघराची घंटा

माझा भाचा सायकलीवरून गावोगावची देवळं, गिरजाघरं पाहत फिरतो. आज भातकुलीच्या वाटेवरून आला तेव्हा त्याच्या बाहीला चुना होता.

"गिरजाघर रंगवून राह्यले, मामी. लय जुनं हाय."

जुनं? मी पाहिलं तेव्हा त्याच्या भिंतींचा चुना ओला होता. लग्नाचं पहिलंच वर्ष. विलायतेला कापूस हवा होता, अमरावतीपर्यंत बैलबंड्यांची रांग लागायची. आमची बंडी अडली, तसे आम्ही दोघं उतरलो, केसांत कापूस घेऊन. गिरजाघराच्या दारात दोर लोंबत होता. देवळात शिरताना वाजवतात, तशी मी घंटा वाजवली. आवाज शिवारभर गेला. गवंडी धावले, पाद्री धावला.

"कोनं वाजवली?"

घरी चारचौघांत माझ्याकडे न पाहणारे आमचे हे पुढे झाले. "म्या."

पाद्री हसला. "ही देवासाठी नाही, माणसांना बोलावण्यासाठी आहे."

हे म्हणाले, "मंग आलो ना आमी दोघं."

भाच्याला विचारलं, "घंटा वाजवली का रे?"

"नाही बा. कोणी रागावलं असतं."

"मंग एकटा काहून गेला? बायकोले नेत जाय."