काशिनाथचं इंजिन, हिराबाईची बॉडी

गाडीला बेताचा वेग दिला, ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. गाडी डावीकडे ओढली गेली नाही की उजवीकडे. एखादा वडीलधारा माणूस खुर्चीत बसावा तशी शांतपणे जागेवर थांबली. उतरून मागे पाहिलं, तर मातीत चाकांच्या दोन सरळ रेघा. त्या सकाळी मी नव्याकोऱ्या टेम्पोंचेही ब्रेक बघितले होते. एकही असा थांबला नव्हता. आणि ही गाडी माझ्याहून वयाने मोठी होती.

मी मोटार वाहन निरीक्षक होतो. लोक ज्याला 'पासिंग' म्हणतात, ते माझं काम. भाड्याने चालणाऱ्या गाडीला दर वर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, धूर, सगळं बघायचं आणि ती रस्त्यावर सोडायची की नाही ते ठरवायचं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भिवंडीजवळच्या वळ, दापोडे या गावांत भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहत होती. भिवंडीत आमचा कॅम्प असला की मैदानावर ट्रक-टेम्पोंची रांग रस्त्यापर्यंत जायची.

त्या रांगेत वर्षातून एकदा ही काळी-पिवळी टॅक्सी उभी राहायची. विलायती बनावट, लांबलचक बॉनेट, हत्तीच्या गंडस्थळासारखे मडगार्ड. वळायचं झालं की दाराच्या मागच्या खांबातून एक पिवळी पट्टी टक्कन बाहेर यायची. तोच तिचा इंडिकेटर. ती बाहेर आली की रांगेतले ड्रायव्हर हसायचे. मग बॉनेट उघडलं की हसणं थांबायचं. आत तेलाचा एक ओघळ नसायचा.

गाडी चालवत आणायची हिराबाई. पन्नाशीची बाई, आगरी पद्धतीचं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. माहेर वळचं, सासर दिघाशीचं. मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून तिचा धाकटा भाऊ बसायचा, काशिनाथशेठ. तो मागे बसून फक्त कान देई. इंजिन कसं चाललंय ते चालवण्यापेक्षा ऐकण्यात जास्त कळतं, असं त्याचं म्हणणं.

टॅक्सी त्यांच्या बापाची. त्याने ती भिवंडीहून आसपासच्या गावांत चालवली आणि दोन्ही पोरांना शिकवली. पोरीला शिकवली म्हणून गावात बोलणी खाल्ली. जाताना तो तोंडी वाटणी करून गेला: विंजन काशाचं, डबा हिरीचा. विंजन म्हणजे इंजिन, डबा म्हणजे बॉडी. पुढे बापाची जमीन गोदामांना गेली. हिराबाईने आपला हिस्सा मागितला, काशिनाथशेठला तो अपमान वाटला, आणि भावाबहिणीचं बोलणं तुटलं. गाडी मात्र दोघांनीही सोडली नाही. लग्नसराईत हळदीला आणि वरातीला ती भाड्याने जायची.

पहिल्या वर्षीच मला त्यांची रीत कळली.

"साहेब, बिरेक लागला ना?" काशिनाथशेठने विचारलं.

"उत्तम लागला."

"मंग तिला सांगा, वायपर अडकतो."

हिराबाई माझ्याकडेच बघत म्हणाली, "त्याला सांगा, वायपर अडकत न्हाय. काच सुकी हाय."

दोघांमध्ये चार फुटांचं अंतर. निरोप्या मी.

गाडी अशी ठणठणीत का, हे मला तेव्हाच उमगलं. आपल्या वाट्याचा भाग दुसऱ्याच्या देखत नापास होऊ नये, एवढ्यासाठी दोघं जीव टाकत होते. हिने दाराच्या बिजागऱ्या बदलल्या की त्याने क्लच नवा करायचा. त्याने रेडिएटर झाळून घेतला की हिने सीटचं कातडं. मी कौतुकाने बघत राहायचो आणि सही करायचो.

मग एका वर्षी, सुरुवातीला सांगितलं तसा ब्रेक लागला आणि सहीसाठी मी पेन काढलं. मग वाटलं, खालून एकदा बघून घ्यावं. गोणपाट अंथरून गाडीखाली सरकलो. हातोडीने फ्रेम वाजवत गेलो. फ्रेम म्हणजे गाडीचा सांगाडा. लांब लोखंडी पट्ट्यांचा तो असतो; पुढे त्यावर इंजिन बसतं, वर बॉडी बसते. शाबूत लोखंड घंटेसारखं वाजतं. हे पुढून मागेपर्यंत तसंच वाजलं. मागच्या डाव्या चाकापाशी, जिथे स्प्रिंग फ्रेमला टांगलेली असते, तिथे मात्र आवाज बद्द आला. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो भाकरीत जावा तसा आत गेला.

बाहेर आलो. अंगावर गंज सांडला होता.

"पास करता येणार नाही," मी म्हणालो. "फ्रेम कुजलीय. भरल्या गाडीत वळणावर स्प्रिंग सुटली, तर मागचं चाक जाईल."

काशिनाथशेठ म्हणाला, "साहेब, माजा विंजन हाय. फ्रेम माज्याकडं न्हाय."

हिराबाई म्हणाली, "माजा डबा हाय. फ्रेम माज्याकडं न्हाय."

"मग कुणाकडे आहे?"

बाप वाटणी करताना फ्रेमचं नावच विसरला होता. तो गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

"वरून पट्टी मारून आणू नका," मी बजावलं. "बॉडी फ्रेमवरून उचला, कुजलेला भाग कापा, नवं लोखंड जोडा. बॉडी परत बसवायच्या आधी वेल्डिंग मला दाखवा."

मुदत लिहून दिली. ती टळली असती तर परमिट गेलं असतं, आणि इतक्या जुन्या गाडीला टॅक्सीचं परमिट पुन्हा मिळणं कठीण होतं. ऑफिसात साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "कशाला घोळ घालता? ती गाडी आता शोकेसमध्ये ठेवायची."

"सर, ब्रेक बघा एकदा तिचे."

"ब्रेक काय करायचेत? फ्रेम गेली ना?"

त्यांचं चूक नव्हतं. दिवस जात राहिले, आणि मला वाटू लागलं की आपण नियमाने वागून एक चांगली गाडी मारली.

मुदत संपत आली तेव्हा ऑफिसात फोन आला. हिराबाईचा. "साहेब, डबा वर टांगलाय. बघायला या."

वळला काशिनाथशेठच्या एका रिकाम्या गोदामात गेलो. दार ओलांडलं आणि थबकलो. छताच्या लोखंडी तुळयांना चार चेनकुप्प्या लावल्या होत्या. चेनकुप्पी म्हणजे साखळीने जड वजन उचलायची कप्पी. त्या साखळ्यांवर ती काळी-पिवळी बॉडी माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर तरंगत होती. दारं, काचा, टपावरचं कॅरिअर, सगळं जागच्या जागी. खाली चाकांवर उघडी फ्रेम आणि पुढे इंजिन. इतकी वर्षं नोकरी करून मी गाडी अशी कधी पाहिली नव्हती. बाप खाडीच्या खाऱ्या हवेला भिऊन फ्रेमला जळकं ऑइल चोपडायचा, म्हणे. त्याचा काळा थर खरवडला होता आणि आतलं लोखंड पहिल्या दिवसासारखं निघालं होतं. कुजला होता तो वीतभर तुकडा. माझे हात आपोआप जोडले गेले, देवळात जातात तसे.

एका बाजूला हिराबाई आणि दिघाशीची माणसं, दुसऱ्या बाजूला वळची. मध्ये गाडी. कामाची सगळी बोलणी या माणसांमार्फतच झाली होती.

काशिनाथशेठ वेल्डिंग दाखवायला बॉडीखाली वाकून शिरला. खाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणी आत जाऊ नये, हे मी सांगणार, तेवढ्यात वर कडकन आवाज झाला. मागच्या एका कुप्पीचा हूक सरकला. बॉडी तिरकी झाली.

"काशा! भायेर ये!"

हिराबाई नुसती ओरडली नाही, पुढे झेपावली. भावाच्या शर्टाची कॉलर धरून तिने त्याला असा खेचला की दोघंही जमिनीवर पडले. बॉडीचा मागचा कोपरा फ्रेमवर आदळला. धुरळा उडाला. जिथे आदळला, तिथे क्षणापूर्वी त्याची मान होती.

उरलेल्या साखळ्या करकरत होत्या.

काशिनाथशेठ बसल्या जागी मान चोळत वर बघत राहिला. मग बहिणीकडे वळून म्हणाला, "हिरे, तुजा डबा चेपला."

"चेपू दे." तिला धाप लागली होती. "हूक कोनी बांधला व्हता?"

"तुज्याच मानसान."

"माज्या मानसान? तुज्या गोदामाची तुलई वाकडी हाय, ती बघ आदी!"

आणि ते भांडायला लागले. समोरासमोर, तोंडाने, माझ्या मध्यस्थीशिवाय. हूकवरून सुरू झालेलं भांडण जमिनीवर गेलं, तिथून बापाच्या आजारपणात कोण किती वेळा आलं त्यावर गेलं. हिराबाई रडत होती आणि बोलत होती. काशिनाथशेठ ओरडत होता, पण उठून जात नव्हता. दोन्ही गावांची माणसं हळूच बाहेर सरकली. मीही गेलो आणि गोदामाच्या उंबऱ्याशी चहा पीत बसलो. आत जे चाललं होतं ते ऐकायचा मला अधिकार नव्हता, तरी ऐकू येत होतं. गाडीला नवं लोखंड जोडलेलं मी रोज बघायचो. हे मी कधी बघितलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली, "साहेब, या. लाकडी ठोकले लावले."

आडव्या ठोकळ्यांवर बॉडी टेकवली होती. मी खाली जाऊन वेल्डिंग तपासलं. हातोडी मारली. लोखंड खणखणीत वाजलं, आणि त्या रिकाम्या गोदामात तो आवाज बराच वेळ घुमला.

मुदतीच्या आत गाडी मैदानावर आली. मागच्या कोपऱ्यावर पोचा तसाच होता. पोच्यावरून गाडी नापास करता येत नाही. ब्रेक पूर्वीसारखाच सरळ लागला. मी सही केली. दोघं परत निघाले ते पुढच्या सीटवर, शेजारी शेजारी, गिअर कसा टाकावा यावरून वाद घालत.

जमिनीचा प्रश्न सुटला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. माझी बदली होईपर्यंत गाडी दर वर्षी पास झाली, एवढं नक्की सांगू शकतो.

नवे निरीक्षक हाताखाली आले की विचारायचे, "सर, एवढ्या मोठ्या गाडीत हातोडी नेमकी कुठे मारायची?"

मी सांगायचो, आधी मालकांना विचारा कोण काय सांभाळतं. ते सगळं चांगलंच निघेल. ज्याच्याबद्दल दोघंही म्हणतील "ते माझ्याकडे नाही," तिथे मारा.