डाव्या वळणाची फुलं

शाईचा थेंबही न वापरता कागदावर फूल उठवायचं, हे दोघी बहिणींचं पोटापाण्याचं काम. दुधी रंगाचा चर्मपत्री कागद फोमच्या मऊ गादीवर पालथा घालायचा आणि गोल टोकाच्या सळईने हलके हलके घासत जायचं. दाब पडेल तिथं कागद पांढरा होतो, सरळ बाजूला पाकळी फुगून येते. जोर जास्त झाला की कागद टर्रकन फाटतो, मग ते शुभेच्छा-कार्ड गेलंच.

शेवटच्या वर्षी थोरल्या अक्काचा हात थरथरायला लागला. कार्डांमागून कार्डं फाटू लागली. धाकटीची जीभ मुळातच हातभर लांब. एका सकाळी ती भडकून बोलून गेली, "अक्का, तू नुसती बस आता. कागद फुकट घालवू नकोस."

अक्काने सळई खाली ठेवली. रुसली नाही, रडली नाही. चार महिन्यांनी वारली, तोवर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अहो, दोन शिव्या तरी घालायच्या! धाकटीच्या जिवाला तेवढाच घोर लागला, की अक्का मनात राग धरून तर गेली नाही ना?

धाकटीची गादी झिजली होती, म्हणून तिने अक्काची घेतली. पहिल्याच कार्डाला, कोपऱ्यात आल्यावर, सळई आपसूक घसरली. कुणी मनगट धरून ओढावं तशी. पाकळी डावीकडे वळली. अक्का डावखुरी होती. धाकटीची पाचावर धारण बसली. तिने सळई बदलली, टेबल पुसलं, रिकाम्या खुर्चीची माफीसुद्धा मागितली. तरी रोज त्याच कोपऱ्यात हात ओढला जायचा. खुर्चीकडे पाठ करून बसायचीही तिला भीती वाटू लागली.

शेवटी ती वैतागली. गादी फेकून द्यायची म्हणून उचलली आणि खिडकीतल्या उन्हात ती जराशी तिरकी झाली.

कोपऱ्यात, सळई रोज घसरायची तिथंच, बारीक चरे होते. फुलंच ती, ओळीखाली ओळ, सगळी डाव्या वळणाची. वरची वेडीवाकडी, थरथरलेली. रोज दुपारी धाकटी कार्डं पोचवायला दुकानात जायची, तेव्हा अक्का घरात एकटीच असायची. कागद फुकट जाऊ नये म्हणून तिने बिनकागदाचाच हात बसवला होता, नुसत्या गादीवर. सगळ्यात खालच्या ओळीतल्या एकाही फुलाची रेघ हललेली नव्हती.

म्हणजे अक्का तयार होऊन बसली होती, बोलावण्याची वाट बघत. आणि धाकटीने एकदाही विचारलं नव्हतं. याच्यापेक्षा अक्का रागावून गेली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं आणि ती हमसून हमसून रडली.

मग तिने सगळ्यात चांगला कागद काढला, त्या शेवटच्या ओळीवर पालथा घातला, सळई डाव्या हातात धरली आणि हात ओढला जाईल तिकडे जाऊ दिला.