बत्तीस शाली आणि एक निरगाठ

म्हातारीनं आयाच्या दंडाचा लचका तोडला, तेव्हा मी भांडारात शाली मोजत होते. किंकाळी ऐकून बायकांच्या हॉलमध्ये धावले. आया भिंतीला टेकून उभी होती, दंडातून रक्त गळत होतं. खाटेवर बसलेली म्हातारी पदरानं तोंड पुसत होती. माझ्या देखत आयानं पुढे होऊन तिच्या थोबाडीत ठेवून दिली. मी मध्ये पडले तर दुसरी माझ्या खांद्यावर बसली.

"शिस्टर, हिला आवरा, न्हाईतर मी जीव घेईन हिचा!"

"घी की," म्हातारी म्हणाली. "ये फुडं. सात दात हायेत अजून मला."

केडगावात, पुणे रस्त्यापासून जरा आत, एका संस्थेचा वृद्धाश्रम आहे. तिथं मी अधीक्षिका आहे. त्याआधी बारा वर्षं खासगी दवाखान्यात नर्स होते, म्हणून सगळे मला शिस्टर म्हणतात. त्या हिवाळ्यात आमच्याकडे बत्तीस म्हातारी माणसं होती आणि त्यांच्यासाठी दोन आया. त्यातली एक लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली होती. राहिली ती एकच, जिचा दंड फुटला होता ती. ती वाईट बाई नव्हती. पण सकाळी सहापासून बत्तीस जणांचं हगणं-मुतणं काढणाऱ्या बाईचा हात उठतो. मला ते माहीत होतं. मी कानाडोळा करत होते.

म्हातारी पाथर्डीकडची. जन्म ऊसतोडीत गेलेला. दिवाळी झाली की मुलगा आणि सून टोळीबरोबर देवळाली प्रवरेच्या बाजूला जायचे. आधी ती गावात एकटी राहायची. त्या वर्षी घरात पडली, म्हणून हंगामापुरती आमच्याकडे आणून सोडली. "मी हितली न्हाई, सा म्हयन्याची पाव्हनी हाय," असं ती प्रत्येकाला ऐकवायची. डावा हात फार पूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडून निकामी झाला होता. खांद्याच्या वर जातच नव्हता. सगळं काम उजव्या हाताचं. त्या एका हातानं ती लसूण सोलायची, इतरांचे केस विंचरायची, चिडली की तांब्या फेकायची. मी एकदा म्हटलं, "आजी, जरा बसा की निवांत." तर म्हणाली, "ह्यो हात चालतोय तवर सून भाकर देती. हात गेला की मी हितंच मरनार, तुमच्या खाटंवर."

आणि त्याच हातानं ती महिनाभर स्वतःला ओरबाडत होती. पोट, काखा, मांड्या. सालटं निघालेली, त्यांवर खपल्या, खपल्यांवर पुन्हा नखं. बाकीचेही खाजवत होते. पुरुषांच्या हॉलमध्ये एक निवृत्त तलाठी भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासून घासून सदरा रक्तानं भरवायचे. मी म्हटलं, थंडी आहे, कातडी कोरडी पडलीय. खोबरेल तेल लावायला सांगितलं. बारा वर्षं नर्स होते, आणि बोटांच्या बेचक्यात बघायचं मला सुचलं नाही.

त्या शनिवारी आया तिचा हात धरून ठेवायला गेली, म्हणून तो चावा. आयाला पट्टी करून मी म्हातारीकडे वळले. तिनं मांडी इतकी खरवडली होती की चादर चिकटली होती. मला दुपारच्या गाडीनं मिरजगावला जायचं होतं, चुलतभावाचं दहावं होतं. दुसऱ्या दिवशी एका देणगीदाराच्या आईची पुण्यतिथी, त्यांच्याकडून सगळ्यांना जेवण. मी जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडली आणि म्हातारीचा उजवा हात खाटेच्या कडेला बांधला. आधी सुरगाठ मारली. तिनं ती दातांनी सोडली आणि माझ्याकडे बघून थुंकली. थुंकी माझ्या चष्म्यावर आली. मग मी निरगाठ मारली. बैलाला बांधताना माझे वडील मारायचे तशी, गुडघा टेकून, दोन्ही टोकं ओढून.

"संध्याकाळी सोडा," मी आयाला म्हटलं आणि निघाले.

आयानं सोडली नाही. हात सुटला की पहिली आपल्यालाच खाईल ही भीती तिला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ते काम मी अशा बाईवर टाकलं होतं जिला टाके पडायचे बाकी होते.

आता शालींचं सांगते. देणगीदार आले की त्यांना फोटो हवा असतो. म्हातारी माणसं रांगेत, अंगावर शाली, हातात फळं. आमच्या माणसांचे स्वेटर विटलेले, फोटोत वाईट दिसायचे. म्हणून चांगल्या बत्तीस शाली कुलपात वेगळ्या ठेवल्या होत्या. पाहुणे आले की काढायच्या, खांद्यांवर टाकायच्या, फोटो झाला की गोळा करायच्या. धुतलं की लोकरीच्या गुठळ्या होतात, म्हणून धुवायच्या नाहीत, नुसत्या झटकून घडी घालायच्या. कुठली शाल कुणाच्या अंगावर होती ते कोण बघतंय? हा नियम माझा. हिवाळ्यात पुण्यतिथ्या, वाढदिवस फार येतात. कधी एका दिवसात दोन कार्यक्रम. संस्थेचे अध्यक्ष मला चारचौघांत म्हणाले होते, "बाईंनी शाली नव्यासारख्या ठेवल्यात." मला ते आवडलं होतं.

रविवारी मिरजगावात मी मांडवात बसले असताना मोबाईलवर फोटो आला. रांग, शाली, केळी. म्हातारी खाटेवरच बसलेली, खाट रांगेत ओढून घेतलेली, शाल गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. हात शालीच्या आत. तोंड वाकडं. मला वाटलं, रागावलीय. मी त्या फोटोवर हात जोडल्याची खूण टाकली.

सोमवारी दुपारी परतले. हॉलच्या दारातच वास आला. उदबत्त्या लावल्या होत्या, फिनेल ओतलं होतं, त्यातूनही वास येत होता. दवाखान्यात काम केलेल्याला तो वास सांगावा लागत नाही. शाल काढली. अंगावर तीच होती, फोटोनंतर उचलायला गेलेल्या आयाला तिनं लाथ मारली होती म्हणून राहिलेली. मनगट दिसतच नव्हतं. पट्टी मांसात रुतून वर सूज आली होती, हात कोपरापर्यंत जांभळा, करंगळी काळी. गाठ सुटेना. कात्री लावली तर पट्टीबरोबर कातडी आली. म्हातारी ओरडली नाही. ओरडून झालं होतं तिचं, घसा बसला होता.

"बैलाला सुदिक पानी दावत्यात," ती खरखरत म्हणाली.

नगरच्या एका दवाखान्यात सर्जननं करंगळी दाबली, म्हातारीला काही कळलं नाही. "हे बोट जाणार. हाताचं दोन दिवसांनी सांगतो," तो म्हणाला. मग त्यानं तिची बाकीची बोटं फाकवली, बेचक्यातल्या बारीक नागमोडी रेषांकडे बघितलं आणि मला विचारलं, "खरूज आहे. तुमच्याकडे अजून किती जणांना आहे?"

मला शालींचं कुलूपबंद कपाट दिसत होतं.

म्हातारीला तिथं भरती करून, तिच्या मुलाला कळवून मी परतले. अध्यक्ष संध्याकाळी आश्रमात आले. कागद टाइप करूनच आणला होता. रुग्णानं वेडाच्या भरात स्वतःला इजा करून घेतली, असा मजकूर. "सही करा. आणि खरूज हा शब्द गेटाबाहेर जाता कामा नये. एकही देणगीदार पाय ठेवणार नाही."

"वेड नाहीये तिला," मी म्हटलं.

"मग तुम्हाला लागलंय का?"

कागद टेबलावर होता तेवढ्यात तिचा मुलगा आला. फडातून सरळ आलेला, अंगभर उसाचं कुसळ, कमरेला कोयता. मागे जीपमध्ये त्याच्या टोळीतले दोघं-तिघं. वॉचमननं गेट लावायचा प्रयत्न केला तर गेटासकट त्याला ढकलून दिलं. व्हरांड्यातली प्लॅस्टिकची खुर्ची त्यानं खांबावर आपटून फोडली. आया समोर आली, तिचे केस धरले आणि तिला फरशीवर ओढत ऑफिसात आणली.

"मह्या आईचा हात कुनी बांधला? बोल! कुनी बांधला?"

आया रडत माझ्याकडे बघत होती. नाव घेत नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "हे बघा, शांतपणे बसून..." आणि भिंतीशी सरकले.

"गाठ मी मारली," मी म्हटलं. "तिला सोडा. गाठ माझी आहे."

त्यानं केस सोडले आणि कोयता काढला. तो खाली येताना मला दिसला. आला तो टेबलावर, माझ्या हातापासून वीतभर. कागद दोन तुकडे झाला, पातं लाकडात रुतून बसलं. त्यानं ते ओढून काढायला दोन झटके मारले. तोवर टोळीतल्या दोघांनी त्याला मागून मिठी घातली होती.

"हात गेला तर येतो परत," तो म्हणाला. "ह्येच टेबल. तुझा हात."

"या," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. म्हातारीच्या अंगावरची धरून बत्तीसही शाली मागच्या अंगणात नेल्या, रॉकेल ओतलं आणि पेटवल्या. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. अध्यक्ष ओरडत होते, "चांगल्या शाली! अहो, चांगल्या शाली!" उकळल्या असत्या तरी चाललं असतं, हे मला कळत होतं. पण मला त्या नको होत्या. दुसऱ्या दिवशी आश्रमातल्या एकतीस जणांना, आयाला, स्वयंपाकिणीला, वॉचमनला आणि मला, एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत मलम. चादरी, कपडे सगळे काहिलीत उकळले. आठवड्यानं पुन्हा तेच. गेटावर मी स्वतःच्या हातानं पाटी लिहिली: आश्रमात खरूज आहे, भेटी बंद. अध्यक्षांनी ती फाडली. मी दुसरी लावली. ती त्यांनी फाडली नाही.

करंगळी गेली. दोन दिवसांनी सर्जन म्हणाला, हात राहील, पण मूठ वळेल की नाही सांगत नाही.

म्हातारी परत आमच्याकडेच आली, कारण फडावर उसाच्या पाचटात उघडी जखम कुठे ठेवणार. मुलानं आणून सोडली, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढे दीड महिना रोजचं ड्रेसिंग मी केलं, कुणाला करू दिलं नाही. ती रोज मला लाथ मारायची. पाय चांगले होते तिचे. पोटरीवर, मांडीवर, एकदा पोटात. मी एका गुडघ्यानं तिचे पाय दाबून जखम धुवायची. बांधायचं मात्र काही नाही. मग बोटं एकेक वळवून घ्यायची, तेव्हा ती मला आईबापावरून शिव्या घालायची. त्यातल्या काही मी आधी ऐकल्या नव्हत्या.

"वळवा, आजी. अजून थोडं."

"तुही बोटं मोडू का, रांडं? मग कळंल."

"मोडा. आधी वळवा."

पण सर्जनकडे गेलो की आवाज बदलायचा. "दाक्तर, कोयता धरता यील का ओ? निदान खुरपं? सून हाय ना माजी. हात न्हाई म्हनली तर कशाला नील?" तो माझ्याकडे बोट दाखवायचा, त्यांना विचारा म्हणून. ती मला कधी विचारायची नाही.

आया मध्येच काम सोडून निघाली होती. मी अध्यक्षांना सांगितलं, आणखी दोन बायका ठेवा, नाहीतर मीही जाते आणि गाठीचं लेखी देऊन जाते. एक बाई आली. आया थांबली. दंडावर दातांचा चंद्र कायमचा राहिला, चिडली की बाही वर करून नव्या बाईला दाखवते. आता प्रत्येकाच्या नव्या शालीवर खाटेचा नंबर दोऱ्यानं शिवलेला आहे, आणि ती शाल त्याच अंगावर राहते, विटली तरी. फोटोत वाईट दिसतं.

होळीनंतर पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, टोळ्या निघाल्या. मुलगा आणि सून ट्रॅक्टरवरून आले, मागं ट्रॉलीत सगळा संसार. सून खाली उतरली आणि आधी सासूचा हात बघायला लागली. उलटा केला, सुलटा केला. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत होती. मीसुद्धा.

"मूठ करा बरं," सून म्हणाली.

म्हातारीनं बोटं वळवली. अर्धी वळली, थांबली. मी नको तिथं बोलले, "अजून जाते. रोज करून घेतलं तर..."

म्हातारी वळली आणि तिनं मला मुस्काटात मारली. सगळं अंग मागं घेऊन, फडात मोळी फेकावी तशी. चष्मा उडाला, कानात शिट्टी वाजायला लागली. आया धावून आली, "ए म्हातारे!" मी हात आडवा धरला.

"राहू दे."

मग सुनेनं सासूचं गाठोडं उचललं आणि ट्रॉलीत टाकलं. "चला," ती म्हणाली, "हात हाय की." मुलानं आईला कमरेला धरून वर चढवलं. तिनं उजव्या हातानं ट्रॉलीची फळी पकडली. धूळ उडवत ट्रॅक्टर पुणे रस्त्याकडे गेला. तिनं मागं पाहिलं नाही.

मी चष्मा शोधला, मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघितलं. गालावर तीन बोटं उमटली होती. स्पष्ट.

मग हात साबणानं धुतले आणि दुपारच्या गोळ्या वाटायला गेले.