ओवाळायचं तबक

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले एक काका भटजीशिवाय लग्नं लावतात. लिफ्टमध्ये भेटले तरी "समजून घ्या ताई" म्हणत इंग्रजांच्या काळातले सुधारक सुरू करतात आणि माझा मजला मागे पडतो.

माझ्या लेकीच्या लग्नात तर त्या सुधारकांच्या चळवळींनी विधवांना माणसांत कसं आणलं, यावर अर्धा तास बोलले. पाहुण्यांचे डोळे जेवणाकडे. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "चला, आता पाच सुवासिनींनी ओवाळायला पुढे या."

नवरीची विधवा आई समोरच बसलीय, हे यांच्या गावीही नव्हतं! मी उठले, तबक उचललं आणि म्हटलं, "सरका काका. आता तुम्ही समजून घ्या."