उजवीकडचं बटण

माझ्या भाऊजींना सगळे छटाक म्हणायचे. आता ते नाव कुणी काढत नाही. स्वतः चांगले पाऊण क्विंटलचे, पण त्यांनी लिहिलेले प्रोग्राम छटाकभर. दुसऱ्यांचे प्रोग्राम उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, यांचा टिचकी मारली की समोर हजर. "एवढ्याशा कामाला एवढं बिऱ्हाड कशाला?" हे त्यांचं नेहमीचं.

कापड रंगवायच्या कारखान्यात आम्ही तिघंही. ताई वरच्या काचेच्या केबिनमध्ये कंप्युटरवर, मी खाली टाक्यांवर. टाक्यांत वाफ सोडायचा प्रोग्राम भाऊजींचा. एकदाच लिहिलेला, पण कुठल्याही जातीच्या कंप्युटरवर चालायचा, आणि जिथे जाईल तिथल्याच खिडक्या, तिथलीच बटणं वापरायचा. जसा देश तसा वेष, याचा त्यांना केवढा अभिमान!

टाकीची वेळ झाली की पडद्यावर प्रश्न यायचा, वाफ सोडायची का? डावीकडे 'सोडा', उजवीकडे 'थांबा'. टाकीत माणूस उतरलेला असला की ताई 'थांबा' दाबायची. मग दर दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. चार वर्षांत तिचं बोट न बघता उजवीकडे जायला लागलं होतं. हाताने बंद करायचं वाफेचं चाक कधीच गंजून बसलं होतं. मालक म्हणायचे, कंप्युटर आहे ना!

मग जुना कंप्युटर बंद पडला आणि वेगळ्याच जातीचा नवा आला. भाऊजींनी दुपारी प्रोग्राम चढवला.

"बघ, एक ओळसुद्धा बदलावी लागली नाही."

"अहो, पण बटणं उलटी झाली की!"

"उलटी नाहीत गं, याची रीतच तशी."

"माझा हात चुकेल. पहिल्यासारखी करा ना."

"एका ओळीचं काम आहे. पण मग प्रोग्राम इथे उपरा वाटेल. वाचून दाब, शाळा कशाला शिकलीस?"

मी खो खो हसलो. खोटं कशाला सांगू, त्या हसण्याची मला लाज वाटते. एका ओळीचं काम होतं आणि मी ताईची बाजू घेतली नाही.

दोन दिवस ताई प्रत्येक प्रश्न ओठ हलवून वाचायची. तिसऱ्या दिवसापासून ओठ हलेनासे झाले. मला वाटलं, झाली सवय.

पाचव्या दिवशी चार नंबरच्या टाकीचं तापमान पडद्यावर भलतंच दिसायला लागलं. तळाचा सेन्सर सैल झाला असणार. मी उतरत होतो, तर भाऊजी म्हणाले, "तुला नाही कळायचं, बाजूला सर." आणि शिडीवरून धापा टाकत खाली गेले. मी टाकीच्या तोंडाशी टॉर्च धरून बसलो आणि ताईला फोन केला.

"भाऊजी आत आहेत हं."

"माहितेय रे. 'थांबा' दाबतेय ना."

दोनदा प्रश्न आला असेल, दोनदा तिने थोपवला. मग सुपरवायझरने तिच्यासमोर रजिस्टर उघडलं. मी खालून बघत होतो. ताईच्या डाव्या हाताखाली पान, डोळे पानावर, आणि उजवा हात माउसवर. तो हात सवयीने उजवीकडे सरकला.

पाइपात ठक ठक झालं. वाफ येण्याआधी तसं होतं.

"भाऊजी, वर या!"

"आलो, आलो. ओरडतोस काय?" त्यांचा हात शिडीला लागला होता. पण ते देह सांभाळत एकेक पायरी चढणारे.

फोन लावत बसायला वेळ नव्हता. मी उठून केबिनकडे दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवले. यंत्रांच्या घरघरीत माझा आवाज काचेपर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. ताईने मान वर केली. तिला वाटलं, काम झालं, नवरा वर आला. ती हसली आणि तिनेही मला हात केला.