प्रमोदच्या सोबतीची दुपार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, अशी तिची खात्री आहे. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. बुकित बातोकमधला आमचा फ्लॅट तो केवढा, वळता वळताच संपतो.

आमचं इथे सिंगापुरात एक मंडळ आहे. गणपती-दिवाळीचं नव्हे, ते वेगळं. हे मदतीचं. त्याचा मुख्य नियम एकच — आपल्यापैकी कुणी हॉस्पिटलमध्ये असेल तर त्याला एकटं ठेवायचं नाही. तीन-तीन तासांच्या पाळ्या लावायच्या. त्या पाळीला आम्ही ‘सोबत’ म्हणतो. खोलीत पोचलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचं, ‘सोबत सुरू’. निघताना, ‘सोबत झाली’. मग बाकीचे आपापल्या कामाला मोकळे. विद्यापीठात संशोधन करणारी पोरं, आमच्यासारखे आयटीवाले — सगळ्यांचे नातेवाईक तिकडे भारतात. इथे दुखलं-खुपलं तर आहे कोण?

यंदा मंडळाची स्मरणिका निघाली आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात कसलं — मीच हौसेने मागून घेतलं. काय काय लिहिलं! गिरणीत कामाला आलेल्या कोकणातल्या माणसांची मुंबईतली गावमंडळं, एका खोलीत गावातल्या सगळ्यांनी राहायचं, आजारी पडेल त्याला बाकीच्यांनी सांभाळायचं. मग इथल्या चिनी मजुरांच्या संस्था, एका गावच्या, एका बोलीच्या लोकांनी काढलेल्या. ज्याचं कुणी नाही त्याचे अंत्यविधी त्या करायच्या. आणि मग आमचं मंडळ. शेवटी एक वाक्य ठोकून दिलं — ‘आमच्या सोबतीत आजवर एकदाही खंड पडलेला नाही.’ ते वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. मी हात जोडून हसत उभा. माणसाने निर्लज्ज असावं तरी किती?

खंड पडला होता. सात वर्षांपूर्वी. आणि पाडणारा मी.

प्रमोद माझ्याच ऑफिसातला. मरीन परेडला राहायचा. पोटाचा आजार शेवटच्या टप्प्यावर आल्यावर कळला. तरी डॉक्टर म्हणत होते, अजून काही आठवडे आहेत. म्हणून त्याची बायको, माधवीवहिनी, चार दिवसांसाठी साताऱ्याला गेल्या होत्या. त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. जाताना मला म्हणाल्या, “भावजी, तुम्ही सगळे आहात म्हणून जातेय.”

आदल्या पाळीला प्रमोदने माझं मनगट धरलं होतं. “खरं सांग, मी वाचणार का रे?” मी काय केलं? आमच्या मॅनेजरची नक्कल करून दाखवली. तो हसला नाही. मनगटही लवकर सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते सहा पुन्हा माझी सोबत. मी वेळेवर पोचलो — हे मला का सांगावंसं वाटतंय? पोचलो, लिफ्टमध्ये शिरलो, त्याच्या मजल्यावर दार उघडलं आणि मी बाहेर पाऊलच टाकलं नाही. तसाच खाली आलो. तळमजल्यावर फूडकोर्ट होतं. चहा घेतला. म्हटलं, दहा मिनिटं बसू, मग जाऊ. आणि फोन काढून लिहिलं — ‘सोबत सुरू’.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. ग्रुपवर वैशालीताईंचा मेसेज आला. त्या बेडोकला राहतात. ‘आज मोकळीच आहे. येऊ का? तेवढीच तुम्हाला मदत.’

मी लिहिलं, ‘नको. मी आहे.’

भीती वाटली, हे मी स्वतःला समजावू शकतो. पण ज्यांना भीती वाटत नव्हती, ज्या यायला तयार होत्या, त्या वैशालीताईंना मी का अडवलं? त्या आल्या तर मी खाली बसलेला दिसेन म्हणून. फक्त म्हणून. बाकी काही कारण नव्हतं.

दहा मिनिटांचे दीड तास झाले. दुसरा चहा झाला, टोस्ट झाला. मग वॉर्डातून फोन आला. वर गेलो तर सगळं संपलं होतं. तिथली नर्स मला ओळखत होती. म्हणाली, “अंकल, जस्ट नाऊ यू व्हेअर? ही कीप लुकिंग ॲट द डोअर.” मला आत येताना पाहावं म्हणून तो दाराकडे बघत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी विमानतळावरून थेट आल्या. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “शेवटी तुम्ही होतात ना?” मी म्हटलं, “होतो.” “तोंडात पाणी गेलं का हो त्यांच्या?” मी म्हटलं, “मी पाजलं. चमच्याने. दोन चमचे प्याला.” दोन चमचे! कुणी विचारले होते? मग मात्र त्या रडल्या, आणि मला वाकून नमस्कार केला. माझ्याहून मोठ्या आहेत त्या. मी करू दिला.

तेव्हापासून दर भाऊबीजेला त्या मला ओवाळतात. मंडळात नवीन कुणी आलं की त्याला हीच गोष्ट सांगतात — ह्यांना परक्या देशातसुद्धा शेवटचं पाणी आपल्या माणसाच्या हातचं मिळालं. मी शेजारी बसून ऐकतो. एकदा एक मुलगी डोळे पुसत माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो.

परवा ग्रुपवर वहिनींचा मेसेज आला. त्यांचं स्वतःचं ऑपरेशन आहे, बुधवारी. मोठं आहे. लिहिलंय, ‘पाळ्या लावू नका, उगाच सगळ्यांची धावपळ. भावजी असले की पुरे. ह्यांच्या वेळी तेच होते.’ खाली वीस जणांचे जोडलेले हात.

मी लिहिलं, ‘येतो, वहिनी.’

त्यांना खरं सांगितलेलं नाही.