वासिल ह्रिन्कोची चाल

अग्निशमन दलाच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात मिली ह्रिन्को कांदा परतत होती. रस्त्यावर गलका झाला म्हणून तिने खिडकीतून पाहिलं आणि झारा हातात तसाच राहिला. बाहेर तिचा नवरा चालत येत होता.

वासिलला जाऊन सदतीस वर्षं झाली होती. शिवाय आलेला तो एकटा नव्हता, पन्नासेक जण होते. कुणी दाढीवाला, कुणी ढेरपोट्या, चार-पाच पोरीसुद्धा. तोंडाला राखाडी रंग, अंगात जुने कोट. पण चाल सगळ्यांची एकच. पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत एकदम उचलायचं, जमिनीवरचा पाट उचलावा तसं. क्षणभर अधांतरी धरायचं, मग सपाट टेकवायचं. खांदे स्थिर. मान जराशी डावीकडे कललेली.

कांदा करपला. शेजारी उकडलेल्या पिरोग्या, बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, निथळत ठेवणाऱ्या अगाथा यानोशिकने गॅस बंद केला.

"अगं, लक्ष कुठंय तुझं? करपलेला कांदा त्या मढ्यांनासुद्धा चालायचा नाही."



वासिल कोकभट्टीवर, पोलादाच्या कारखान्यांसाठी कोळसा भाजून कोक करतात तिथे, झाकणवाला होता. मोनोंगहेला नदीच्या काठाला भट्ट्यांची रांग होती आणि त्या रांगेच्या माथ्यावर त्याचं काम. लोखंडी झाकण पहारीने उचलायचं, रुळांवरून येणारी गाडी कोळसा ओतून गेली की सांडलेला कोळसा भोकात लोटायचा, झाकण परत बसवायचं आणि कडेने चिखल लिंपायचा. पुढचं भोक. पायाखालच्या विटा इतक्या तापलेल्या की नुसत्या बुटांचे तळवे वितळायचे. म्हणून बुटांखाली लाकडी फळ्या पट्ट्यांनी बांधायच्या. फळी वाकत नाही, तेव्हा पाऊलही वाकवता येत नाही. ते सगळंच्या सगळं उचलावं लागतं आणि सगळंच्या सगळं ठेवावं लागतं. बाकीचे झाकणवाले फाटकाबाहेर पडले, फळ्या सोडल्या, की चारचौघांसारखे चालायला लागायचे. वासिल लागोपाठ दोन पाळ्या करायचा. त्याचे पाय घराच्या पायरीपर्यंत भट्टीवरच असायचे. मान डावीकडे, कारण डाव्या कानाने त्याला गाडीची घंटा नीट ऐकू यायची.

त्र्याहत्तर सालच्या शरदात पिट्सबर्गहून एक पोरगेला दिग्दर्शक गावात आला. तोवर फर्निचरच्या दुकानाच्या जाहिराती काढत होता. आता त्याला सिनेमा काढायचा होता. खाणीत गाडली गेलेली माणसं तिसऱ्या पाळीला बाहेर येतात आणि गावावर चालून जातात, अशी गोष्ट. नावही 'तिसरी पाळी'च. पैसा त्याच्याकडे नव्हता. अग्निशमन दलाने बंब दिला, खाटकाने डुकराची आतडी दिली, चर्चच्या बायकांनी दुपारचं जेवण दिलं. मेलेली माणसं म्हणून उभं राहायला गावातलीच माणसं. त्यांना एवढंच सांगितलं होतं, की तुम्हाला पुरताना जे कपडे घालतील ते घालून या.

दुसऱ्या गावचा माणूस असता तर त्याने कपाटातला एखादा जुना कोट काढला असता. आमच्या चर्चमधला माणूस ज्या सुटात लग्न करतो तोच शवपेटीत घालतो. मधली सगळी वर्षं तो सूट कागदात गुंडाळून ठेवलेला असतो. वासिलने सांगितलं तसं केलं, लग्नाचा सूट घालून गेला. परत आला तेव्हा कोटाला छातीपाशी भोक होतं, कडा जळलेल्या. कोटाच्या आत बंदुकीच्या दारूची पुडी लावून तारेने उडवली होती, गोळी लागल्याचं दिसावं म्हणून. मिली त्याच्याशी धड बोलली नाही. तिने कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढले आणि एकेक धागा वर-खाली घेत ते भोक विणून बंद केलं. रफू कसा असावा तर असा. कोट उजेडात धरला तरी दिसत नव्हता.

पुढच्या फेब्रुवारीत भट्टीच्या माथ्यावर कोळशाच्या गाडीने वासिलला चिरडलं. छातीखालचं काही दाखवण्यासारखं उरलं नव्हतं. सूट तोच घातला. शवपेटीजवळून सगळं गाव गेलं, रफू कुणालाही दिसला नाही. मिलीला दुसरं काही दिसत नव्हतं. तेव्हा ती पोटुशी होती. ग्रेग मे महिन्यात झाला.

सिनेमा त्याच उन्हाळ्यात हमरस्त्यावरच्या, मोटारीत बसून बघायच्या उघड्या थिएटरात लागला. दीर मिको बघायला गेला आणि अर्ध्यातून परत आला. ओटीवर बसून ओकला. मिलीला म्हणाला, वहिनी, बघू नकोस, त्याला गोळी घालतात. तिने बघितला नाही. ज्यांनी पुढे कधी बघितला त्यांनी तिच्यासमोर शब्द काढला नाही. विधवेपुढे तिच्या माणसाच्या मरणाचा विषय काढायचा नाही, मग ते मरण पडद्यावरचं का असेना, ही आमच्याकडची रीत. ती सगळ्यांनी सदतीस वर्षं नेकीने पाळली.

मिलीने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, पोर वाढवलं, गुरुवारी चर्चच्या तळघरात पिरोग्या लाटल्या. ग्रेग चौदा वर्षांचा असताना कुणाच्या तरी घरी त्या सिनेमाची टेप आली. मिलीने त्याला मूर्तीपुढे उभं केलं आणि वचन घेतलं, मी जिवंत आहे तोवर बघणार नाहीस. बापाला मरताना पोराने बघावं हे तिला सोसणारं नव्हतं. ग्रेगने वचन पाळलं. वडिलांचे तीन फोटो घरात होते, तिन्हींत ते सरळ उभे. माणूस हलतो कसा हे फोटोत कळत नाही.

नंतर भट्ट्या बंद पडल्या, गाव अर्धं रिकामं झालं, आणि कुठूनकुठून त्या सिनेमाचे वेडे यायला लागले. ऑक्टोबरातला एक शनिवार त्यांचा. सिनेमाचे खेळ, चालण्याची स्पर्धा, आणि चर्चच्या बायकांचा पिरोग्यांचा धंदा. मिली दर वर्षी तळघरातच कणीक मळत बसायची. तिथे खिडकी नाही. या वर्षी तळघरात पाणी शिरलं म्हणून सगळा स्वयंपाक हॉलमागे हलवला होता.

मागच्या दाराने ग्रेग आला. नदीवर कोळशाच्या बार्जांवर काम करणारा धिप्पाड माणूस, दोन्ही खांद्यांवर पिठाच्या गोण्या. गोण्या उतरवून तो हसला.

"आई, बाहेरची सोंगं बघितलीस? हे बघ." आणि त्याने पाय सपाट उचलला, हवेत धरला, सपाट ठेवला. मान डावीकडे. टेबलापासून चुलीपर्यंत आला.

 मिली मटकन पिंपावर बसली. ओहायो, मिशिगनहून आलेल्या लोकांना त्याच्या बापाची चाल तोंडपाठ होती. पोराला वाटत होतं, सोंग आहे.

अगाथाने ग्रेगला बर्फ आणायला पिटाळलं. मिलीची शुद्ध जाते की काय असं तिला वाटलं. तेवढ्यात खिडकीशी ताटली मागायला एक बाई आली. केंड्रा तिचं नाव, चाळिशीची, तोंड राखाडी. क्लीव्हलंडला नर्स होती. मिलीने तिला विचारलं, तुम्ही हे असं कुणासारखं चालता?

केंड्रा खुलली. त्याला आम्ही शिफ्टवाला म्हणतो, म्हणाली. सिनेमात त्याला नाव नाही, संवाद नाही. बाकी सगळा सिनेमा फाटका. रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक, एका भिंतीवर माइकची सावली दिसते, एक मढं मध्येच नाक खाजवतं. लोक हसत असतात, बाटल्या फुटत असतात. मग तो टेकडीवरून खाली येतो आणि हॉल गप्प होतो. तिने हे दहा वर्षांची असताना पाहिलं, तेव्हापासून दर वर्षी पाहत होती.

"गप्प का होतात?" मिलीने विचारलं.

"बाकीचे मेल्याचं नाटक करतात. तो नुसता दमलेला आहे. रात्रपाळी संपली की मी तशीच घरी जाते." केंड्राने ताटली घेतली. "आणि तो एकटाच उरतो ना शेवटी."

"त्याला गोळी घालतात," मिली म्हणाली.

"घालतात की, छातीत. या सिनेमातली मढी छातीत गोळी लागून मरत नाहीत, बाई. डोक्यात लागावी लागते."

अगाथाच्या हातातला डबा ओट्यावर आपटला. मिली तिच्याकडे वळली. अगाथाची मान खाली.

"तुला ठाऊक होतं," मिली म्हणाली.

"सगळ्यांना ठाऊक होतं गं."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुझ्यापुढे? वासिलबद्दल?" अगाथा डोळे पुसत म्हणाली, "मी काय रानात वाढले?"

समोर शिफ्टवाल्याची बायको उभी आहे हे केंड्राला आता कुठे कळलं. तिच्या राखाडी तोंडावरून पाणी ओघळायला लागलं. मिलीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मिकोला जाऊनही सहा वर्षं झाली होती, त्याला विचारायची सोय नव्हती. पडद्यावर भाऊ पडला तिथेच मिको सिनेमा सोडून उठला होता. आणखी थोडा वेळ बसला असता तर. एवढ्यासाठी तिने पोराला वचनाने बांधलं होतं, स्वतःचे डोळे बांधले होते. तिला रागही धड येईना. तिने एप्रन काढला, घडी केली आणि हॉलमध्ये जाऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसली. दुपारचा खेळ चालू होता.

केंड्राने सांगितलं त्यात काहीच खोटं नव्हतं. पडद्यावर खाटकाने दिलेली आतडी ओळखू येत होती. बंबावर गावाचं नाव होतं. लोक खिदळत होते. मग टेकडीच्या वळणावर तो दिसला आणि हॉल खरंच गप्प झाला. चाळीस पावलांचा उतार वासिल उतरला. एकही पाऊल चोरलं नाही. अंगात लग्नाचा सूट, कोट अजून शाबूत. सव्वीस वर्षांचा. मिलीला वाटलं होतं, आपल्याला त्याचा चेहरा आठवतो. आठवत नव्हता. कानशिलावर डाग होता तो ती पार विसरली होती.

गोळी सुटली. कोटाला भोक पडलं, तिने विणलेलं तेच, तिच्या डोळ्यांदेखत पडलं. वासिल उताणा कोसळला. मिलीने खुर्चीची कड धरली.

तो पडून राहिला. कॅमेरा त्याच्यावरच. मग त्याने एक हात टेकला, गुडघा टेकला. उठायला त्याला कष्ट पडत होते, आणि ते कष्ट खोटे नव्हते. दोन पाळ्या करून आलेल्या माणसाला जमिनीवरून उठायला जेवढे पडतात तेवढेच. उभा राहिला. बंदूकवाल्याकडे पाहिलंही नाही, त्याच्या शेजारून पुढे गेला. शेवटपर्यंत चालत राहिला. कुणी त्याला मारलं नाही. पडद्याच्या कडेबाहेर गेला, इतकंच.

दिवे लागले. मिली उठली नाही. बर्फ घेऊन ग्रेग तिला शोधत आला आणि दारातच थबकला. आई या खोलीत, या पडद्यासमोर, हे त्याला उमजेना. त्याने पडद्याकडे पाठ केली. वचन पाळायची त्याला सवयच होती.

"आई, बरं वाटत नाही का? घरी सोडतो."

"बस इथं," मिली म्हणाली.

"आता पुढचा खेळ सुरू होईल."

"तेच म्हणते. बस."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने शेजारच्या खुर्चीवरची बाटली उचलून खाली ठेवली. तो बसला, बर्फाची पिशवी मांडीवर घेऊन.

खेळ सुरू झाला. मिलीने पडद्याकडे पाहिलंच नाही, ग्रेगकडे पाहत होती. आतड्यांना तो हसला, माइकच्या सावलीला हसला. मग हॉल गप्प झाला आणि त्याचं हसूही गेलं. बराच वेळ त्याने पापणी हलवली नाही. त्याचा उजवा पाय जमिनीवरून एवढासा उचलला गेला, सपाट, आणि खाली टेकला. त्याला ते कळलंही नसावं. दुपारी स्वयंपाकघरात आपण कुणाची नक्कल केली हे त्याला आता समजत होतं.

गोळीचा आवाज झाला. ग्रेग अर्धवट उठला. बर्फाची पिशवी खाली पडून फुटली आणि खडे खुर्च्यांखाली घरंगळले. तो दाराकडे वळला, मिको वळला असेल तसाच.

मिलीने त्याचं मनगट पकडलं. आयुष्यभर कणीक मळलेला हात, सुटणारा नव्हता.

"थांब," ती म्हणाली. "उठतो तो."